सातांच्या वाटणीतली संख्या : १,४२,८५७



या वेळच्या भित्तिपत्रकात गणिताचा कोपरा माझ्याकडे आला. गुरुजी म्हणाले, "पुष्कळ गोष्टी लिहू नकोस. एकच संख्या घे आणि तिचे गुण सांग." म्हणून मी एकच संख्या घेतली. ती आहे १,४२,८५७. वाचायची अशी : एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. दिसायला ती साधीच आहे. पण ही संख्या मला पुस्तकात सापडली नाही, घरी सापडली. आधी ते सांगते, मग गणित सांगते.

संख्या घरी कशी आली

आमची धानाची बांधी धरणात गेली. ती आजोबांच्या नावची होती. आता आजोबा नाहीत, आजीही नाही. माझे बाबा धरून सात भावंडे आहेत, पाच भाऊ आणि दोन बहिणी. बांधीच्या पैशांतले दहा लाख रुपये सामाईक राहिले होते. ते वाटून घ्यायला दिवाळीत सगळे आमच्या घरी जमले.

आधी एक काका म्हणाले, "पाच भाग करा. दोन-दोन लाख येतात. हिशेब सरळ बसतो." मोठी आत्या तांदूळ निवडत बसली होती. ती काहीच बोलली नाही, नुसती निवडत राहिली. मग माझे बाबा म्हणाले, "सातबारावर सात नावं आहेत, तर भाग बी सातच पडतील." थोडा वेळ सगळे गप्प. शेवटी मोठे बाबा म्हणाले, "बरोबर आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सातवीत आहेस ना व? कर भागाकार."

मी वहीत भागाकार केला. १०,००,००० ला ७ ने भागले. उत्तर आले १,४२,८५७ आणि बाकी राहिली १. बेरीज दहा लाख जुळली पाहिजे म्हणून मी सहा नावांपुढे १,४२,८५७ लिहिले आणि मोठ्या बाबांच्या नावापुढे १,४२,८५८ लिहिले.

आत्याने कागद हातात घेतला. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. बोट ठेवून ठेवून तिने सगळे आकडे वाचले आणि म्हणाली, "याच्यापुढं अठ्ठावन्न, माझ्यापुढं सत्तावन्न. हा एक रुपया कोठून आला?" सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "रुपयाचं काही नाही. पण कसा आला ते सांग."

मला सांगता आले नाही. "भागाकारात आला" एवढेच म्हणाले. रात्री पुन्हा दोनदा भागाकार केला, तरी बाकी एकच. शाळा उघडल्यावर मी गुरुजींना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. फळ्यावर १४२८५७ लिहिले आणि म्हणाले, "हिला दोनाने गुण, मग तिनाने, मग पुढे. आणि काय दिसते ते मला सांग."

काय दिसले

तुम्हीही वहीत करून पाहा.

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

नीट बघा. सहाही उत्तरांत तेच सहा अंक आहेत : १, ४, २, ८, ५, ७. नवा अंक एकही आला नाही, जुना एकही हरवला नाही. एवढेच नाही, त्यांचा क्रमही मोडला नाही. १ च्या मागे ४, ४ च्या मागे २, २ च्या मागे ८, ८ च्या मागे ५, ५ च्या मागे ७ आणि ७ च्या मागे पुन्हा १. फक्त सुरुवात कोण करतो एवढेच बदलते. खळ्यावर धान चुरताना बैल मेढीभोवती फिरतात ना, तसेच हे. तुम्ही खळ्याच्या कोणत्याही बाजूला उभे राहा, बैलांचा क्रम तोच असतो. तुमच्यासमोर आधी कोणता बैल येतो एवढाच फरक.

अशा संख्येला चक्रीय संख्या म्हणतात.

आता ७ ने गुणा.

१४२८५७ × ७ = ९९९९९९

सगळे नऊ! एकदम चक्र थांबले. हे पाहून मी वर्गात ओरडलेच. कारण आत्याच्या रुपयाचे उत्तर इथेच आहे. ते शेवटी सांगते.

असे का होते

जादू वगैरे काही नाही. सगळे कारण भागाकारात आहे. आपण १ ला ७ ने भागू. भाग जात नाही म्हणून शून्य घेऊन १० करू.

१० मध्ये ७ चा भाग १, बाकी ३
३० मध्ये ७ चा भाग ४, बाकी २
२० मध्ये ७ चा भाग २, बाकी ६
६० मध्ये ७ चा भाग ८, बाकी ४
४० मध्ये ७ चा भाग ५, बाकी ५
५० मध्ये ७ चा भाग ७, बाकी १

बाकी १ आली म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच परत आलो. आता पुन्हा १० होतील, पुन्हा १, पुन्हा ४, पुन्हा २. म्हणून एक सप्तमांश म्हणजे ०.१४२८५७१४२८५७... असे न संपणारे दशांश होतात.

आता बाकीचा रकाना वाचा : ३, २, ६, ४, ५, १. सातने भागल्यावर बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते (शून्य उरली तर भागाकारच संपला). आणि इथे १ ते ६ या सहाही बाक्या एकेकदा येऊन गेल्या. म्हणून २ ला ७ ने भागा, ३ ला भागा, ५ ला भागा, तुम्ही याच चक्रात कुठेतरी चढता. २ पासून सुरू केले तर २० मध्ये भाग २, मग ८, ५, ७, १, ४. म्हणजे २८५७१४. वरच्या पाढ्यातली दुसरी ओळ तीच आहे.

सगळ्याच संख्या अशा वागत नाहीत. १ ला १३ ने भागले तर ०७६९२३ हे सहा अंक फिरतात, पण २ ला १३ ने भागले तर १५३८४६ हे वेगळेच सहा अंक निघतात. तिथे दोन खळी आहेत असे समजा. सातासारखे एकच खळे पुढे १७ ला सापडते. त्याचे अंक सोळा आहेत : ०५८८२३५२९४११७६४७. पहिला शून्यही मोजायचा.

दोन अर्ध्या आणि नऊ

संख्येचे मधोमध दोन तुकडे करा : १४२ आणि ८५७. बेरीज करा. ९९९ आले. तीन तुकडे करा : १४, २८, ५७. बेरीज ९९. सहा तुकडे करा : १ + ४ + २ + ८ + ५ + ७ = २७, आणि २ + ७ = ९. नऊ काही पाठ सोडत नाही.

पहिल्या अर्ध्याचा अंक आणि दुसऱ्या अर्ध्याचा त्याच जागेवरचा अंक मिळून नेहमी ९ होतात : १ आणि ८, ४ आणि ५, २ आणि ७. कारण पुन्हा बाकीत आहे. पहिल्या तीन बाक्या ३, २, ६ आणि पुढच्या तीन ४, ५, १. जोड्या लावा : ३ आणि ४, २ आणि ५, ६ आणि १. प्रत्येक जोडी ७ ची. आता एक जोडी घेऊन पाहू. ३० आणि ४० मिळून ७०. त्यात ७ चा भाग पूर्ण १० वेळा जायला हवा. पण दोघांना वेगवेगळे भागले म्हणून २ आणि ५ अशा बाक्या उरल्या. त्या मिळून ७, म्हणजे एक भाग बाकीत अडकला. १० मधून तो १ गेला, राहिले ९. सगळ्या जोड्यांचे असेच आहे.

पाठ करायची एक युक्ती सांगते. शंभर रुपये सातांत वाटले तर प्रत्येकाला १४ आणि बाकी २. पुढे दोनशे वाटायचे, म्हणजे दुप्पट : २८ आणि बाकी ४. पुढे चारशे वाटायचे, म्हणजे ५६ आणि बाकी ८. पण बाकी ८ कशी चालेल? आठात आणखी एक सात बसतो. म्हणून ५६ चे ५७ झाले आणि बाकी १ उरली. चौदा, अठ्ठावीस, सत्तावन्न. झाली पाठ!

ही संख्या आपल्या आसपास कुठे कुठे आहे

एकदा ओळख झाली की ती सगळीकडे भेटते.

वर्तुळाचा परीघ काढताना आपण २२/७ घेतो. २२ ला ७ ने भागा : ३.१४२८५७... आपलीच संख्या! पण पालकहो, मुलांना एक सांगा. परीघ आणि व्यास यांचे खरे गुणोत्तर ३.१४१५९... असे चालते. २२/७ त्याहून किंचित मोठे आहे. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने दोन हजार वर्षांहून आधी हे दाखवून दिले होते. आपल्या कामाला २२/७ पुरते म्हणून आपण घेतो, पण ते तंतोतंत नाही.

वर्षाचे दिवस ३६५, आठवड्याचे ७. भागा : ५२.१४२८५७... म्हणजे बावन्न आठवडे आणि एक दिवस जास्त. म्हणूनच यंदा सोमवारी आलेली तारीख पुढच्या वर्षी मंगळवारी येते. लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी मध्ये आला तर आणखी एक दिवस पुढे.

आपल्या धरणाकडे चला. वैनगंगेवरच्या आपल्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ३३ ला ७ ने भागा : ४.७१४२८५... या प्रकल्पाची ठरवलेली सिंचनक्षमता २,५०,८०० हेक्टर आहे. तिला ७ ने भागा : ३५,८२८.५७१४२८... पाहा, तेच सहा अंक. यात धरणाचा काही विशेष नाही बरं का. ज्या पूर्ण संख्येला सातने नि:शेष भाग जात नाही, तिच्या दशांशात हे सहा अंक असतातच. तुमच्या घरच्या धानाच्या पोत्यांचा आकडा घ्या, तिथेही येतील.

कापरेकर गुरुजींच्या दोन कसोट्या

आपल्या महाराष्ट्रात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शिक्षक होऊन गेले. १९०५ साली डहाणूला त्यांचा जन्म झाला. ठाण्याला आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले. १९३० ते १९६२ इतकी वर्षे ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. मोठ्या पदव्या नव्हत्या, मोठी प्रयोगशाळा नव्हती. कागद, पेन्सिल आणि संख्यांचे वेड एवढेच भांडवल. १९८६ साली ते वारले. आज त्यांचे नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर या लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले आणि ते परदेशांत सगळीकडे माहीत झाले.

त्यांनी संख्यांचे अनेक प्रकार शोधले. त्यांतल्या दोन कसोट्या आपण आपल्या संख्येला लावू.

पहिली कसोटी हर्षद संख्येची. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद. जसे १८. एक आणि आठ नऊ, आणि १८ ला ९ ने भाग जातो. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज २७. आता १४२८५७ ला २७ ने भागा. उत्तर ५२९१, बाकी शून्य. पास!

दुसरी कसोटी कापरेकर संख्येची. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे आणि बेरीज करायची. मूळ संख्या परत आली पाहिजे. ४५ घ्या. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. २९७ घ्या. वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. आता आपली संख्या. तिचा वर्ग करायला मला पाठपोट एक पान लागले.

१४२८५७ × १४२८५७ = २०४०८१२२४४९

उजवीकडचे सहा अंक तोडा : २०४०८ आणि १२२४४९. बेरीज करा : १४२८५७. पास!

याचेही कारण आहे. आपल्या संख्येपेक्षा एकाने लहान संख्या १४२८५६. ती म्हणजे ७ × २०४०८. आता वर्ग म्हणजे आपली संख्या १४२८५६ वेळा आणि वर आणखी एकदा. १४२८५६ वेळा म्हणजे आधी सात वेळा (ते झाले ९९९९९९) आणि मग ते २०४०८ वेळा. पण ९९९९९९ म्हणजे दहा लाखांत एक कमी. म्हणून २०४०८ दहा लाख झाले आणि त्यांतून २०४०८ वजा करायचे राहिले. ते वजा होतात त्या 'आणखी एकदा'च्या १४२८५७ मधून. उरतात १२२४४९. म्हणजे डावा तुकडा २०४०८ आणि उजव्या तुकड्यात तेवढेच कमी. दोन्ही जोडले की मूळ संख्या येणारच.

कापरेकर गुरुजींची सर्वांत गाजलेली संख्या ६१७४. ती त्यांनी १९४९ साली सांगितली. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक मोठ्यापासून लहानाकडे लिहा, त्यातून लहानापासून मोठ्याकडे लिहिलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तसेच करा. फार तर सात वेळांत ६१७४ येते आणि मग तीच येत राहते. आपल्या धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले. ते वर्षच घेऊ.

९८८१ − १८८९ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

सहा वेळांत आली. शून्य आला तर तो टाकायचा नाही, पुढे लिहायचा. इथेच मुले चुकतात. मीही चुकले होते.

आत्याचा एक रुपया

आता मूळ प्रश्न. सात वाटे १,४२,८५७ चे केले तर एकूण होतात ९,९९,९९९. दहा लाखांना एक रुपया कमी. म्हणजे तो एक रुपया कोणी कोणाच्या वाट्यातून काढला नव्हता, आणि मोठ्या बाबांसाठी मुद्दाम ठेवलाही नव्हता. दहा लाख सातांत वाटले की एक रुपया उरतोच. तो रुपयाही वाटायचा म्हटले तर प्रत्येकाला १४ पैसे येतात आणि २ पैसे उरतात. आता चौदा पैसे हातात देणार कसे? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी तर ३० जून २०११ पासून बंदच झाली. आणि पैशाचे आणखी बारीक तुकडे केले तरी पुन्हा काहीतरी उरेलच, कारण हे दशांश संपतच नाहीत.

पाच भागांत हिशेब सरळ बसतो हे खरे. दोन-दोन लाख, बाकी शून्य. पण हिशेब सरळ बसला म्हणून तो बरोबर होत नाही. आधी माणसे बरोबर मोजावी लागतात, भागाकार नंतर. वडिलांच्या मिळकतीत मुलीचाही वाटा असतो. १९५६ च्या कायद्याने मुलीला वारसांत धरले आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला. तेव्हा आमच्या घरचा भाजक सातच. मग बाकी उरली तरी चालेल. ती लपवू नये, कागदावर लिहावी आणि सगळ्यांना सांगावी, एवढेच.

पुढे भाऊबीजेची ओवाळणी द्यायची राहिली होती म्हणून बाबा आत्याकडे गेले, तेव्हा मीही गेले. वही सोबत नेली. वरचा भागाकार तिला पायरी पायरीने दाखवला. तिने माझे ऐकून घेतले, पण तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. पेन्सिल घेतली, १,४२,८५७ सात वेळा एकाखाली एक लिहिले आणि स्वतः बेरीज केली. हातचा पाच ठिकाणी सांभाळावा लागला. नऊ, नऊ, नऊ असे येत गेले तशी ती हसायला लागली. शेवटी म्हणाली, "आता समजलं. हेच त्या दिवशी सांगायचं होतं ना व." रुपया मोठ्या बाबांकडेच राहिला. आत्याने सही केली.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, घरी कोणी हिशेब विचारला तर नुसते उत्तर सांगू नका. कसे आले तेही सांगा.

करून पाहा

(१) १४२८५७ ला ८ ने गुणा. उत्तर सात अंकी येईल. पहिला अंक तोडून उरलेल्या सहा अंकी संख्येत मिळवा. काय आले? ९ आणि १० ने गुणूनही तसेच करा. मग १४ ने गुणा. तिथे काय वेगळे होते?

(२) भागाकार न करता ५/७ चे दशांश सांगा. (सूचना : बाकी ५ चक्रात कुठे आहे ते शोधा.)

(३) एक कोटी रुपये सातांत वाटले तर किती रुपये उरतील? उत्तर वरच्या बाक्यांच्या रकान्यातच आहे.

(४) तुमच्या जन्मवर्षापासून ६१७४ किती पायऱ्यांत येते? घरातल्या सगळ्यांची वर्षे घ्या. सर्वांत जास्त पायऱ्या कोणाच्या आल्या ते या पत्रकाखाली पेन्सिलीने लिहा.

पालकहो, मुलांबरोबर एक तरी उदाहरण करून जा. खडू खाली डबीत ठेवला आहे. काही चुकले असेल तर सांगा, मी दुरुस्त करीन.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी,
जिल्हा परिषद शाळा, गोसीखुर्द